मंदावहिनीची मोटार

मंदावहिनी आमच्या घरात पुरतं वर्षही नांदली नाही. लग्न उन्हाळ्यात झालं आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी ती जी गेली ती गेलीच. आमच्या नात्यात आजही तिचा विषय निघाला तर म्हातारी माणसं सांगतात, तिचा पायगुण बरा नव्हता. थोडे शिकलेले सांगतात, ती जरा तापट होती. दोन्ही खोटं आहे. ती गेली एका मोटारीच्या बॅटरीपायी, आणि त्याहून जास्त माझ्या सख्ख्या भावाच्या गप्प बसण्यापायी. बाबूजी गेले, माय गेली, दादाला आता ऐकू येत नाही, तो नुसता हसत बसतो. हे सांगणारी मी एकटी उरले, म्हणून लिहून ठेवते. कुणाला राग आला तर येऊ दे. मला तो इतकी वर्षं येतोच आहे.

आमचं गाव वरठीपासून सायकलनं जाण्याइतकं जवळ. घर तलावाच्या पाळीखाली, पुढे मोठं अंगण, अंगणाच्या कडेला आंब्याखाली बैलगाडीची जागा. सकाळी कारखान्याचा भोंगा ऐकू आला की माय चुलीवर आंबील ठेवायची आणि गड्यांना हाका मारायला लागायची. जेवण म्हणजे भात. सकाळी भात, संध्याकाळी भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, हिवाळ्यात पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा आणि तलावाच्या मासोळीचा रस्सा. पाहुणे आले तर तांदळाच्या पिठाचे आयते, पातळ, जाळीदार, गूळ घातलेल्या दुधात बुडवून. बाबूजींची तलावाखालची धानाची जमीन गावात सगळ्यांत चांगली होती, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना वाटायचं, लोकांनी आपल्याला शेठ म्हणावं. लोक म्हणायचे पाटीलभाऊ. हा सल त्यांच्या मनात होता आणि दादाचं लग्न ठरवताना तो बाहेर आला. त्यांनी सोनं मागितलं नाही, भांडी मागितली नाहीत. मागितली मोटार.

मंदावहिनीचे वडील नाकाडोंगरीकडचे. थोडी शेती आणि किराण्याचं लहानसं दुकान. पोरगी एकच, म्हणून जीव तिच्यात. खाणीवरच्या कुण्या साहेबाची बदली झाली, त्याची जुनी पांढरी मोटार त्यांनी घेतली, रंग मारून घेतला आणि लग्नात दारासमोर उभी केली. ती मोटार आमच्या गावात आली तेव्हा पोरं पाळीवरून धावत आली होती. बाबूजी पुढे बसले होते, फेटा काचेला टेकत होता, आणि मागच्या सीटवर नवी नवरी अंग चोरून बसली होती. लोकांनी आधी मोटार पाहिली, मग नवरी. घरातही हाच क्रम राहिला.

मोटार आली तशी चांगली होती. किल्ली फिरवली की सुरू. मग बाबूजींनी तिच्यात देव बसवला. भंडाऱ्याहून पितळेचा गणपती आणला, स्टिअरिंगच्या पुढे फळीवर घट्ट बसवला, आणि त्याच्या मागे एक लाल बल्ब लावून घेतला. एवढं सगळेच करतात. पण बाबूजींनी वायरिंगवाल्याला बजावून सांगितलं, "किल्ली काढली तरी देव अंधारात राह्यला नाई पायजे. दिवा रात्रंदिस चालू राह्यन असा लाव." त्यानं तार थेट बॅटरीला जोडून दिली. आमच्या घरात देवापुढचा दिवा आपल्या हातानं विझवत नाहीत, तेल संपून तो आपोआप शांत होतो. नवरात्रात तर माय रात्री उठून तेल घालायची. तेव्हा मोटारीतला देव तरी अंधारात कसा ठेवायचा? आंब्याखाली उभ्या मोटारीत तो लाल दिवा सतत जळत असायचा. येणारे-जाणारे काचेतून नमस्कार करायचे आणि बाबूजी ओसरीवरून ते पाहत पान लावायचे.

मोटार रोज थोडीच काढत होते! बाबूजी आठवड्यातून एकदा भंडाऱ्याला, कधी तुमसरला, एवढंच. बाकी दिवस ती उभी. आणि पावसाळा लागता लागता ती रुसायला लागली. दोन-चार दिवस उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसती कण्हायची, मग तेही नाही. दादा सेल्फ मारतो आहे, बाबूजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढे बसले आहेत आणि गडी धान रोवायचं सोडून चिखलाच्या पायांनी मोटार ढकलताहेत, हे दृश्य गावाला पाठ झालं. ढकलली की सुरू व्हायची. भंडाऱ्याला जाऊन यायची, दुसऱ्या दिवशीही सुरू व्हायची. पुन्हा दोन-चार दिवस उभी राहिली की मेली.

उपाय सगळे केले. बॅटरीत पाणी घातलं. तिच्या टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी दादानं खरवडून काढली. बॅटरी काढून वरठीला चार्जिंगला दिली, चांगली भरून आली, दोन दिवस छान चालली, पुन्हा बसली. कुणी म्हणालं डायनामो चार्ज करत नसेल, तर तो भंडाऱ्याला उघडून नवीन करून आणला. कुणी म्हणालं नजर लागली, तर मायनं लिंबू-मिरची बांधली. प्रत्येक उपाय फसला की घरात एकच माणूस बोलणी खायचं. वड्याचं तेल वांग्यावर. माय भात वाढता वाढता म्हणायची, "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मोटर देली म्हून गावभर सांगतलं, अन् देला डब्बा." वहिनी मान खाली घालून जेवायची. पुढे पुढे ती सगळ्यांचं झाल्यावर एकटीच जेवायला लागली.

शेवटी बाबूजींनी निरोप धाडला, नवी बॅटरी घेऊन या. वहिनीचे वडील एस.टी.नं आले, गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी मांडीवर घेऊन. येताना गाडी आदळली असेल, त्यातलं अ‍ॅसिड धोतरावर सांडलं होतं. तेव्हा दिसलं नाही. वहिनीनं दुसऱ्या दिवशी ते धोतर धुतलं तर हातात चिंधड्या आल्या, जागोजागी भोकं. ती विहिरीवर ते धोतर धरून उभी होती आणि मी पाहते आहे म्हटल्यावर हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "बेबीबाई, बाबाले सांगू नोको. नवं होतं." मी तेव्हा नववीत होते. तिनंच मला गणितं शिकवली, वेणीत अबोलीचा गजरा गुंफायला शिकवलं. घरात माझ्याशी कुणी माणसासारखं बोलत असेल तर ती.

नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरली, आणि ती उतरली त्या दिवशी मायनं पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. पायगुण. बाबूजींनी तो उचलला. "नवी बॅटरी, नवा डायनामो, तरी गाडी मरते कायले? ज्याच्या पायानं आली त्याचाच गुन." दादा तिथंच बसून होता. तो दहावीनंतर भंडाऱ्याला वर्षभर मोटारींचं काम शिकला होता, गावात त्याच्या शब्दाला मान होता. तो भात कालवत राहिला.

गेल्या वर्षी नागपुरात माझ्या मुलाच्या गाडीची बॅटरी अशीच रोज उतरायला लागली. गॅरेजवाल्या पोरानं मीटर लावला, एकेक फ्यूज काढून पाहिला, कुठली तरी गाण्याच्या यंत्राची तार गाडी बंद असतानाही वीज पीत होती ती काढली, आणि चहा पिऊन गेला. अर्धा तास लागला. मुलगा हसत म्हणाला, "एवढंसंच होतं!" मी न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले. एवढंसंच होतं. आमच्याकडे मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

कारण वहिनीला ते कळलं होतं. यात काही मोठी विद्या नव्हती. रोज पहाटे अंगणात सडा तीच टाकायची आणि सडा टाकताना मोटार समोरच असायची. एके दिवशी दिवाळीच्या फराळाचं पीठ चाळताना तिनं दादाला सांगितलं. मी तिथंच करंज्या कातत होते, म्हणून शब्द न् शब्द माझ्या कानांवर पडला.

"अवो, तुमी कधी तो देवाचा दिवा सकारी पाह्यला का? गाडी भंडाऱ्याहून आली का चांगला लखलख जळते. दुसऱ्या दिवशी जरासाक कमी, मंग निखाऱ्यावानी. अन् ज्या दिवशी निखारा होते, त्या दिवशी गाडी सुरू होत नाई. टॉर्च चालू ठेवली का सेल उतरतेत, तसंच हाय ना हे?"

दादानं चटकन वर पाहिलं. त्याला त्याच क्षणी पटलं, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं. आपल्याला हे कसं सुचलं नाही, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत आलं आणि मागोमाग भीती आली.

"असन," तो म्हणाला.

"मंग चार दिवस काढून ठेवा ना बल्ब. गाडी सुरू झाली तर मामाजीले सांगू." मामाजी म्हणजे बाबूजी; सासऱ्याला ती तसंच म्हणायची.

"देवाचा दिवा काढू? पागल झाली का तू? बाबुजी मले उभं कापतीन."

"अन् मले रोज कापून राहिले, ते?"

दादानं इकडेतिकडे पाहिलं. "मंडई होऊ दे," तो म्हणाला. "मंडई झाली का मी सोता सांगतो. तोवर गप राह्य." वहिनीनं मान हलवली. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. एकेका गावाचा दिवस ठरलेला, त्या दिवशी सगळे सोयरे त्या गावात. दुपारी बाजार, रेवड्या, गोडीशेव, बांगड्या, झुले आणि रात्री नाटक. त्या वर्षी नाटकाचा पडदा उघडायला बाबूजींनी नागपूरचा एक पुढारी बोलावला होता. तो दुपारच्या गाडीनं वरठी स्टेशनवर उतरणार आणि बाबूजी त्याला स्वतःच्या मोटारीतून आणणार. त्यासाठी मोटार धुतली होती, झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आमच्याकडे सकाळपासून आयत्यांचा धूर. वहिनीचे वडीलही आले होते, नवं धोतर, नवी टोपी, माझ्यासाठी बांगड्या. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. बाबूजी मोटारीत पुढे बसले, दादानं किल्ली फिरवली. मोटार एकदा कण्हली आणि गप्प झाली.

दादानं पुन्हा फिरवली. काहीच नाही. मंडईला आलेले लोक भोवती जमले. कुणीतरी म्हणालं, "पाटीलभाऊचा घोडा आज बी बसला." हसू उठलं. दोन-तीन जवान पोरं सवयीनं मागे जाऊन हात लावायला लागली, तर बाबूजी खाली उतरले. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"थांबा रे," ते म्हणाले. "तुमी कोनी हात लावू नोका. इवाई, या इकडे. डब्बा देला तुमी, आता ढकला बी तुमीच."

वहिनीच्या वडिलांना आधी वाटलं थट्टा आहे. व्याह्यांची थट्टा चालतेच. ते हसले. मग बाबूजींचं तोंड पाहून त्यांचं हसू गेलं. त्यांनी टोपी काढून ओसरीवर ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि मोटारीमागे जाऊन उभे राहिले. बाबूजी पुन्हा पुढे जाऊन बसले.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात कोपरापर्यंत पिठाचे. डोक्यावरचा पदर घसरलेला तिला कळलंही नाही. ती सरळ दादाच्या खिडकीशी गेली, काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "अवो, सांगा ना आता. तुमाले मालूम हाय." मी तिच्या मागेच होते. दादानं समोर पाहत म्हटलं, "हात काढ काचेवरून. लोक पाहून राहिले."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही. त्याचं पुढचं सगळं आयुष्य मी पाहिलं, दुसरं लग्न पाहिलं, मुलं, आजारपण, त्याला औषधही मीच दिलं. माफ मात्र केलं नाही.

मोटार पाळीच्या उतारापर्यंत त्या एकट्या माणसानं ढकलली. नंतर दोघांना राहवलं नाही, त्यांनी बाबूजींची नजर चुकवून हात लावला. उतारावर ती अचानक हिसका देऊन सुरू झाली आणि पुढे निघाली, तसे वहिनीचे वडील तोंडावर पडले. गुडघे फुटले, तळहात सोलले, वर सगळा धूर अंगावर. मंडईचे लोक कशालाही हसतात, तसे हसले. मोटार थांबली नाही. वहिनीनं वडिलांना उठवून ओसरीवर आणलं, तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "नोको बेटा. या घरचं पानी नोको."

ती ओसरीवरच बसून राहिली, वडिलांच्या शेजारी, हात न धुता. पीठ वाळून हातांवर पापुद्रे झाले. मायनं दोनदा आत बोलावलं, ती हलली नाही. पुढाऱ्याची गाडी उशिरा आली असावी, दिवे लागायच्या सुमारास मोटार परत आली. बाबूजींनी पुढाऱ्याला हार घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या चालू असतानाच वहिनी उठली, मोटारीचं दार उघडलं आणि गणपतीच्या मागची तार हिसकून तोडली. लाल दिवा गेला.

"मामाजी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे एकदम गप्प झाल्यामुळे लांबपर्यंत गेला. "तुमची बॅटरी हा दिवा पीत होता. माया बापाचा दोष नाई, माया पायाचा नाई. मी ह्याईले दिवाळीच्या आधीच सांगतलं."

सगळ्या अंगणात एकाही माणसानं बॅटरीचं नाव काढलं नाही. पुढारी दुसरीकडे पाहायला लागला. मायनं कपाळ बडवून घेतलं. बाबूजी म्हणाले, "भरल्या मंडईत देवाचा दिवा इझवला हिनं." आणि तेवढंच सगळ्यांना कळलं. जिच्या बापाला जनावरासारखं जुंपलं तिच्यासाठी कुणाचा जीव हळहळला नाही, बारक्याशा बल्बसाठी बायका देवाची क्षमा मागत होत्या.

तिचे वडील लंगडत उठले. "चाल बेटा," म्हणाले. बाबूजी म्हणाले, "न्या. आमी बलावू तवाच धाडा." ती अंगावरच्या लुगड्यानिशी गेली. तिची पेटी, लुगडी, तिचा आरसा, सगळं तिच्या खोलीतच राहिलं. दादा मोटारीजवळ उभा होता. ती त्याच्या अगदी जवळून गेली, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी दादाला तार जोडून दिवा लावायला सांगितलं. दादा म्हणाला, "एकदा इझवलेला दिवा तसाच लावू नाई, बाबुजी. पूजेवाल्या महाराजाले इचारा लागन." बाबूजींना ते धर्माला धरून वाटलं. मला कळलं, याला सगळं समजतं आहे. ज्याला देवाचा दिवा काढायची भीती वाटत होती, तोच आता तो लावायला तयार नव्हता.

रागानं बाबूजींनी आठ-दहा दिवस मोटारीला हात लावला नाही. आंब्याची पानं तिच्यावर पडली, कोंबड्या टपावर बसायला लागल्या. धान कापणीला आलं होतं. मी रोज शाळेतून आले की वहिनीच्या खोलीत जाऊन पेटीवरची धूळ पुसायची. मायला एकदा विचारलं, वयनीले आनाले कधी जातीन? माय म्हणाली, "बाबुजीचा राग उतरन तवा पाहू." म्हणजे दार पूर्ण लागलं नव्हतं. मला तेवढी आशा पुरत होती.

मग बाबूजींना भंडाऱ्याला कचेरीत काम निघालं. सकाळी त्यांनी गड्यांना बोलावलं, शेजारचेही आले, चार-पाच जण मोटारीच्या मागे हात लावून तयार उभे राहिले. दादानं किल्ली फिरवली. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. इतक्या दिवसांनी, थंडीत, पहिल्या झटक्यात. मागे गडी ओणवेच राहिले.

बाबूजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलं? ते गेली अन् गाडी सुधरली."

"तार तोडली म्हून सुरू झाली!" मी ओरडले. मायचा हात माझ्या तोंडावर बसला, ओठ दातावर आपटून रक्त आलं. मी तरी म्हणाले, "वयनीनं सांगतलं होतं. दादाले मालूम हाय. दादाले इचारा."

मोठ्या माणसात पोरीनं बोललेलं बाबूजींना खपत नसे, पण त्या दिवशी शेजारी उभे होते आणि त्यांना निकाल हवा होता. ते दादाकडे वळले. "सांग रे हरिदास. तुले मोटरचं समजते. कायनं सुरू झाली?"

मोटार नुसती घरघरत होती. सगळे दादाकडे पाहत होते. गणपतीच्या मागे तुटलेली तार लोंबत होती आणि दादाची नजर तिच्यावरच होती. एक शब्द. तो म्हणाला असता तर संध्याकाळपर्यंत वहिनी घरात आली असती, बाबूजी चार दिवस चिडले असते आणि विसरले असते. नाकाडोंगरी काही परमुलखात नव्हती.

"तुमी म्हनता तेच असन, बाबुजी," दादा म्हणाला, आणि त्यानं गिअर टाकला.